मेजरसाहेबांच्या मुलीचा वाढदिवस आणि बाकीच्या खोट्या ऑर्डरी

खरा क्लायंट भाव करतो. हे एवढं एक जरी डोक्यात ठेवलं ना तरी निम्म्या खोट्या चौकशा तिथेच गळतात. मी भांडुपला राहतो, लग्नं, मुंजी, साखरपुडे, बारशी, डोहाळजेवणं, मधूनच एखाद्या कंपनीचं अवॉर्ड फंक्शन असं सगळं शूट करतो. स्टुडिओ वगैरे काही नाही, इन्स्टावर पेज आहे आणि गुगलवर नंबर टाकलाय, त्यामुळे ज्याला फोटो काढून घ्यायचेत त्यालाही नंबर मिळतो आणि ज्याला मला कापायचंय त्यालाही मिळतो. तुळशीचं लग्न झालं की चौकश्यांचा पाऊस सुरू होतो आणि त्यात ही मंडळी बेमालूम मिसळलेली असतात. आता पहिल्या चार-पाच मेसेजमध्ये वास येतो. म्हणजे बहुतेक वेळा येतो, एकदा चांगलंच उलटं झालेलं ते पुढे सांगतो.

तर भाव. डोंबिवलीच्या काकूंचा फोन आला की पहिली दहा मिनिटं माझा रेट ऐकून त्यांना बसलेल्या धक्क्यात जातात. मग सुरू, कँडिडवाला आणि ट्रॅडिशनलवाला वेगळे कशाला, एकाच माणसात होत नाही का, अल्बम चाळीस पानी म्हणजे चाळीस शीट की वीस शीट दोन्ही बाजूंनी, माझ्या जावेच्या मुलीच्या लग्नात त्या माणसाने ड्रोन फुकट दिलेला, आणि आमच्या भाच्याकडे पण चांगला कॅमेरा आहे हं. मग मुद्द्यावर येतात, आजींना गुडघ्याचा त्रास आहे तर त्यांचे फोटो स्टेजवर नको, खाली खुर्चीतच घ्या, आणि मामा उशिरा येणारेत, त्यांच्याशिवाय ग्रुप फोटो काढलात तर घरात महाभारत होईल. वैताग येतो, खोटं कशाला बोलू, पण या बाईंच्या डोळ्यांसमोर तो दिवस उभा आहे हे कळतं. ठगाच्या डोळ्यांसमोर असलं काही नसतं. त्याला अंतरपाट कोण धरणार, करवली कोण, याच्याशी घेणंदेणं नाही. त्याचं संभाषण म्हणजे, रेट काय, ओके डन, अ‍ॅडव्हान्स कसा पाठवू. आपण कोटेशनमध्ये मुद्दाम दुप्पट आकडा टाकला तरी ओके डन. मुंबईत अठरा हजाराच्या कामाला छत्तीस सांगितल्यावर समोरून साधं 'बापरे' पण आलं नाही तर काहीतरी गडबड आहे हे समजायला डिटेक्टिव्ह लागत नाही.

दुसरी गंमत तारखेची. पाटील नावाच्या एकाने सप्टेंबरमधली तारीख दिली, साखरपुडा, दादरला, हॉल ठरलाय म्हणे. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं तर पितृपक्ष! आमच्याकडे पितृपक्षात लोक साधा फ्रिज घेत नाहीत आणि हे साखरपुडा करणार. आता एवढ्यावरून निकाल नाही लावायचा, चातुर्मासात काढीव मुहूर्तावर लग्नं होतात, मुलाची सुट्टी तेवढीच असेल तर गुरुजी पण मार्ग काढून देतात, न मानणारे पण भरपूर आहेत, म्हणून मी सरळ विचारतो, पितृपक्षात कसा काय धरलात? खरा माणूस लगेच लांबण लावतो, मुलगा महिनाअखेरीस जर्मनीला जाणार, त्याच्या आईचा विरोधच होता, शेवटी व्याह्यांनीच समजूत काढली वगैरे. आमचे पाटील म्हणाले 'येस सर'. मी म्हटलं घरात कोणी काही म्हटलं नाही का, तर परत 'येस सर, प्लीज सेंड क्यूआर'. पाटलांना मराठी येत नव्हतं हा मुद्दा मी धरत नाही, मुंबईत मराठी आडनावाचे इंग्रजीत टाईप करणारे ढिगाने आहेत आणि माझे निम्मे क्लायंट गुजराती नाहीतर उत्तर भारतीय. पण पितृपक्ष म्हणजे काय हे ज्याच्या घरात कोणालाच माहीत नाही तो पाटील जरा अवघडच.

सगळ्यात जास्त येतात ते स्वतःला फौजी म्हणवणारे ठग. हा प्रकार इतका जुना आहे की फोटोग्राफर, केटरर, डेकोरेशनवाले, मेंदीवाल्या, घर भाड्याने देणारे, सगळ्यांना एकदा तरी हा फोन आलेलाच असतो. मला आलेला तो असा. 'नमस्कार जी, मैं मेजर बोल रहा हूँ, कोलाबा से.' मुलीचा पाचवा वाढदिवस, नेव्हीनगरच्या आतल्या हॉलमध्ये, दोनशे माणसं, संध्याकाळी सहा ते दहा. मी रेट सांगितला, लगेच मान्य. आणि मी न मागता व्हॉट्सअ‍ॅपवर आधार कार्डाचा फोटो, कँटीन कार्डाचा फोटो आणि युनिफॉर्ममधला एक फोटो, धडाधड तीन. तिथेच माझा कान टवकारला, कारण इतक्या वर्षांत एकाही नवरीच्या बापाने मला स्वतःचं आधार कार्ड पाठवलेलं नाही, पाठवतील तरी कशाला! ती कार्डं बहुतेक खऱ्याच कोणा जवानाची असतात, कुठल्यातरी जुन्या व्यवहारात त्याने दिलेली आणि तिथून फिरत फिरत यांच्याकडे आलेली, त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो.

मला वेळ होता, लोकल ठाण्याच्या पुढे सिग्नलला अडकलेली, म्हणून मी विचारत बसलो. केक कुठे कापणार, स्टेज आहे का, हॉलमध्ये पिवळे दिवे आहेत की ट्यूबलाईट? 'वो सब हो जाएगा सर.' मुलीचं नाव काय? जरा थांबून एक नाव आलं, दहा मिनिटांनी परत विचारलं तर दुसरं आलं. मी म्हटलं उद्या सकाळी कुलाब्याला येतो, हॉल बघतो, टोकन कॅशच द्या. तर साहेब म्हणाले मी बॉर्डरवर पोस्टिंगला आहे, पेमेंट आमचे अकाउंट्स ऑफिसर करतील, आर्मीची पेमेंट सिस्टीम वेगळी असते. हे वाक्य आलं की समजायचं.

मग त्या अकाउंट्स ऑफिसरचा फोन. सिस्टीम अशी की आधी आपण त्यांनी पाठवलेला क्यूआर स्कॅन करून एक रुपया पाठवायचा, म्हणजे आपलं खातं 'व्हेरिफाय' होतं, मग तिकडून दोन रुपये येतात. आणि ते दोन रुपये खरंच येतात बरं का, हीच त्यातली मेख आहे, कारण माणसाला वाटतं चला, सिस्टीम चालते. मग दुसरा क्यूआर येतो, पंधरा हजाराचा, तो स्कॅन करून पिन टाका म्हणजे तीस जमा होतील. आणि हे सगळं फोन चालू ठेवून, घाई करत, 'सर लाईन पे रहिए, सर जल्दी, सर्वर टाइम आउट हो जाएगा'. विचार करायला एक मिनिट मिळू द्यायचं नाही हेच त्यांचं खरं कौशल्य. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही, आणि समोरच्याने पाठवलेला क्यूआर आपण स्कॅन केला म्हणजे देणारे आपण. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी त्या घाईत लोक टाकतात पिन. पूर्वी हीच मंडळी कलेक्ट रिक्वेस्ट पाठवायची, म्हणजे आपल्या अ‍ॅपवर पैसे मागणारी विनंती यायची आणि माणूस ती 'पैसे आले' समजून मंजूर करायचा. १ ऑक्टोबर २०२५ पासून एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, माणसामाणसांतल्या त्या रिक्वेस्ट बंद केल्या, दुकानदारांच्या तेवढ्या चालू आहेत. धंदा थांबला नाही, आता क्यूआर आणि व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करा, आम्ही दाखवतो कुठे दाबायचं, असं झालंय. स्क्रीन शेअर हा शब्द आला की मी फोन कापतो, तिथे गप्पा मारण्यातसुद्धा मजा नाही.

याच्यावर उतारा म्हणून सांगतो, नेव्हीनगरात मी खरंच एक वाढदिवस केलाय, खऱ्या अधिकाऱ्याच्या घरी. त्यांनी मला स्वतःचं काही पाठवलं नाही, उलट माझं आधार, असिस्टंटचं आधार आणि बाईकचा नंबर चार दिवस आधी मागून घेतला, गेटपाससाठी. आत कशाचे फोटो काढायचे नाहीत ते बजावून सांगितलं. आणि रेटमध्ये दोन हजार कमी करून घेतले.

फौजीपेक्षा मला जास्त भीती वाटते ती 'चुकून जास्त गेले' या प्रकाराची. यात दोन जाती आहेत. साधी जात म्हणजे खोटा एसएमएस. विरारचा माझा एक मित्र, तो पण हेच काम करतो, त्याला अडीच हजार टोकन पाठवतो म्हणून सांगितलं आणि मेसेज आला पंचवीस हजार जमा. लगेच फोन, भाऊ एक शून्य जास्त पडलं, बायको हॉस्पिटलमध्ये आहे, साडेबावीस हजार परत टाका ना पटकन. माणूस सज्जन, त्याने टाकले. खात्यात काहीच आलेलं नव्हतं, तो मेसेज त्या माणसाने स्वतः टाईप करून पाठवलेला, अगदी बँकेच्या भाषेत. मेसेज आला होता साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून. बँकेचा मेसेज कधीच तसा येत नाही, तो छोट्या अक्षरी नावाने येतो आणि २०२५ च्या मे महिन्यापासून त्या नावाच्या शेवटी एक अक्षर पण असतं, सर्व्हिससाठी एस, व्यवहारासाठी टी, जाहिरातीसाठी पी, सरकारीसाठी जी. पण खरं सांगू का, ही अक्षरं वाचत बसण्यापेक्षा बँकेचं अ‍ॅप उघडून शिल्लक बघायची. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला हिरव्या टिकमार्कचा स्क्रीनशॉट तर मी बघतच नाही, तसा स्क्रीनशॉट बनवायला आजकाल शाळेतल्या पोराला पण दोन मिनिटं लागतात.

मित्राने एक गोष्ट बरोबर केली, कळल्या कळल्या १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लावला, रडत बसला नाही. तिथे तक्रार गेली की ज्या ज्या बँकेत पैसा पुढे सरकलाय तिथे तो अडवायचा प्रयत्न होतो, त्यामुळे जितक्या लवकर तितकं बरं, एकदा एटीएममधून निघाले की संपलं. त्याची काही रक्कम मधेच एका खात्यात अडकली, बाकीची गेली. नंतर सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, पोलीस स्टेशनच्या चकरा, ते सगळं रीतसर झालं.

दुसरी जात जास्त वाईट, कारण त्यात पैसे खरोखर येतात. तुमच्या खात्यात चाळीस हजार जमा, अ‍ॅपमध्ये दिसतायत, आणि समोरचा म्हणतो यातले दहा तुमचे, तीस आमच्या डेकोरेटरला पाठवा, हा त्याचा यूपीआय आयडी. आता यात काय वाईट असं वाटतं, पैसे तर आलेत. पण ते चाळीस हजार कोणाचे? बऱ्याचदा दुसऱ्याच कोणालातरी फसवून त्याच्याकडून सरळ तुमच्या खात्यात टाकायला लावलेले असतात. तो माणूस १९३० ला तक्रार करतो आणि साखळीतलं पहिलं खातं कोणाचं, तर तुमचं. खातं गोठतं, ईएमआय बाऊन्स होतो, आणि तुम्ही दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांना समजावत बसता की मी फोटोग्राफर आहे हो. म्हणून आपला नियम, जास्तीचे पैसे आले तर तिसऱ्या माणसाला एक रुपया पाठवायचा नाही, बँकेला कळवायचं आणि जिथून आले तिथेच, बँकेमार्फतच परत. समोरचा कितीही रडला तरी. खरा चुकलेला माणूस बँकेत जायला नाही म्हणत नाही.

परदेशी ईमेल हा याचाच मोठा भाऊ. इंग्रजी ईमेल येतं, आमचा फॅमिली रियुनियन मुंबईत आहे, तुम्ही क्रेडिट कार्ड घेता का, मला ऐकायला येत नाही म्हणून फोन करू नका. तिथून पुढे सांगतात आमच्या इव्हेंट प्लॅनरकडे कार्ड चालत नाही, तर तुम्ही माझ्या कार्डावर जास्तीचे काढा, तुमची फी ठेवा, थोडी टिप पण ठेवा आणि उरलेले त्याला पाठवा. कार्ड चोरीचं असतं. दोन-तीन महिन्यांनी खऱ्या मालकाने बँकेत हरकत घेतली की सगळी रक्कम तुमच्या खात्यातून उलटी जाते आणि प्लॅनरला पाठवलेले तर गेलेलेच. हे अमेरिकेतले फोटोग्राफर वर्षानुवर्षं सोसतायत, आमच्याकडे कमी येतं कारण आमच्यातल्या बहुतेकांकडे कार्ड घ्यायची सोयच नाही. गरिबीचा असाही फायदा.

कंपन्यांच्या चौकशीत मात्र मला जरा अभ्यास करावा लागला. एक मेल आलेलं, मोठ्या कंपनीचं नाव, गोरेगावला अ‍ॅन्युअल डे, तीन दिवस, बजेट ऐकून झोप उडावी असं, आणि शेवटी, व्हेंडर रजिस्ट्रेशनसाठी साडेतीन हजार रिफंडेबल भरा. अडचण अशी की व्हेंडर रजिस्ट्रेशन हा प्रकार खरा असतो, खऱ्या कंपन्या पण करायला लावतात, म्हणून नवीन पोरं फसतात. पण खऱ्या रजिस्ट्रेशनमध्ये फॉर्म असतो, पॅन, कॅन्सल चेक, असेल तर जीएसटी आणि उद्यमचं, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचं सर्टिफिकेट, आणि फी शून्य. उलट खऱ्या कंपनीकडून अ‍ॅडव्हान्स काढणं म्हणजे दाढ काढण्यासारखं, पीओ म्हणजे पर्चेस ऑर्डर आली का, बिलावर पीओ नंबर टाकला का, मॅडम सुट्टीवर आहेत. उद्यमवाल्यांना ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे, तो मी बिलाच्या खाली छापतो आणि तरी फोन करावेच लागतात. त्यामुळे कंपनीच्या नावाने कोणी आजच्या आज शंभर टक्के अ‍ॅडव्हान्स देतो म्हणाला तर मला आनंद होत नाही.

मी काय करतो, मेलचा पत्ता बघतो, फुकटच्या मेलवरून आलंय की कंपनीच्या डोमेनवरून, आणि डोमेनमध्ये मधेच एखादं अक्षर जास्त नाही ना. मग त्यांच्याकडून जीएसटी नंबर मागतो, बिल बनवायला लागतोच म्हणून. तो नंबर जीएसटीच्या सरकारी साईटवर लॉगिन न करता टाकून बघता येतो, नाव, पत्ता, चालू आहे की रद्द झालाय सगळं दिसतं. पंधरा अक्षरी असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, मग पुढची दहा म्हणजे पॅन. आणि पॅनचं चौथं अक्षर सांगतं मालक कोण ते, कंपनी असेल तर सी, एकटा माणूस असेल तर पी. म्हणजे जीएसटी नंबरचं सहावं अक्षर बघायचं. एकाने स्वतःला प्रायव्हेट लिमिटेड म्हणवून दिलेल्या नंबरात तिथे पी होता, साईटवर बघितलं तर कोणीतरी भलताच दुकानदार. या सगळ्याच्या वर एक साधी गोष्ट, कंपनीच्या वेबसाईटवरचा नंबर शोधून ऑफिसच्या बोर्डलाईनवर फोन करायचा आणि या नावाचं कोणी अ‍ॅडमिनमध्ये आहे का विचारायचं. मेलच्या खाली दिलेला नंबर नाही, तो त्यांचाच असतो.

लग्नाच्या बाबतीत हेच काम हॉलचं ऑफिस करतं. दादर, पार्ले, ठाण्यातले बरेच हॉल माझ्या ओळखीचे झालेत, मॅनेजरना फोन केला की नाव सांगत नाहीत, बरोबरच आहे, पण त्या तारखेला सकाळचं बुकिंग आहे का एवढं सांगतात. सीझनच्या रविवारी हॉल रिकामा आहे असं कळलं तर विषय संपला. आणि चौकशीत कॅमेऱ्याबद्दल जास्त प्रश्न आले तर मी सावध होतो. कोणती बॉडी आणणार, ७०-२०० ची लेन्स आहे का, एकूण किती लेन्स, फ्लॅश किती, एकटेच येणार का. क्लायंट फोटो बघतो हो, लेन्स मोजत नाही. असा एक जण प्री-वेडिंगसाठी पहाटे साडेचारला वसईच्या किल्ल्याजवळ बोलवत होता, एकटेच या, गाडीत जागा नाही म्हणाला. जोडप्याशी व्हिडिओवर बोलू दे म्हटलं तर सरप्राईज आहे म्हणे. प्री-वेडिंग सरप्राईज! पाठीवर चार-पाच लाखांची बॅग घेऊन काळोखात अनोळखी माणसाला भेटायला मी जात नाही. पहिली भेट दिवसा, स्टेशनजवळ, कॅमेरा घरी.

आता ते उलटं झालेलं. एका बाईंचं ईमेल आलं, मस्कतहून, सुबक इंग्रजीत. वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन, विलेपार्ल्याला, घरगुती, साठ माणसं. रेट सांगितला, त्याच दिवशी मान्य, एका शब्दाने कमी करा म्हणाल्या नाहीत, आणि बँकेचे डिटेल्स पाठवा, पूर्ण रक्कम आधीच पाठवते. माझ्या हिशोबाने सगळ्या घंटा वाजल्या. मी जवळजवळ उत्तरच देणार नव्हतो. मग विचार केला की ठग असेल तर सहस्रचंद्रदर्शन हा शब्द त्याने आणला कुठून, तो काही यांच्या ठरलेल्या यादीत नसतो, तिथे सगळे बर्थडे आणि रियुनियन. म्हणून लिहिलं, बाई, राग मानू नका, हल्ली फसवणूक फार होते, पाच मिनिटं व्हिडिओ कॉल करू या का? संध्याकाळी कॉल आला तर बाईंनी पार्ल्यातल्या भावाला पण घेतलेलं, त्याच्या मागे पलंगावर आजोबा बसलेले, मोठ्या आवाजात विचारतायत हा कोण, काय विकतोय. बाई म्हणाल्या बरं झालं विचारलंत, मी पण तुमचं पेज खरं आहे का हे माझ्या मैत्रिणीला विचारून घेतलं होतं. म्हणजे त्या तिकडून मला तपासत होत्या! पैसे त्यांच्या इथल्या खात्यातून एनईएफटीने आले, जेवढे ठरले तेवढेच. ८१ दिवे ओवाळताना आजोबांनी वैतागून केलेलं तोंड हा माझ्या पेजवरचा सगळ्यात जास्त लाईक्स मिळालेला फोटो आहे. तेव्हापासून मी शंका आली की गप्प बसून टाळत नाही, तोंडावर विचारतो. खरे लोक चिडत नाहीत. एखादा चिडलाच तर त्याचं काम नाही मिळालं तरी चालेल.

बाकी बारीकसारीक. धंद्याचं खातं वेगळं केलंय, यूपीआय फक्त त्यालाच जोडलेलं आणि त्यात मी जास्त शिल्लक ठेवत नाही, आठवड्याला दुसरीकडे वळवतो. टोकन अ‍ॅपमध्ये दिसल्याशिवाय डेट ब्लॉक नाही, भाचीचं लग्न असलं तरी नाही, बायको यावरून अजून ऐकवते. पैसे गेलेले नसतील आणि नुसता प्रयत्न झाला असेल तर तो नंबर दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर, चक्षू नावाच्या तक्रारीच्या सोयीत टाकतो, दोन मिनिटांचं काम आहे, पैसे गेले असतील तर मात्र १९३० च. आणि आमचा फोटोग्राफरांचा एक ग्रुप आहे त्यात नंबर टाकतो. तिथे कळलं की त्याच मेजरसाहेबांच्या त्याच मुलीचा वाढदिवस त्याच दिवशी कल्याण, मीरारोड आणि पनवेलच्या फोटोग्राफरांना पण मिळालेला, प्रत्येकाला वेगळा कँप.

हल्ली मात्र एक प्रकार असा आलाय की त्यात माझी ही सगळी बोलून पारख करायची कला कामाची नाही, कारण बोलणारं कोणी नसतंच. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका येते, खाली लिहिलेलं आमंत्रण, पण फाईलच्या नावाच्या शेवटी पीडीएफ नाही, एपीके. एपीके म्हणजे अ‍ॅप. उघडलं, इन्स्टॉलला हो म्हटलं, परवानग्या दिल्या की ते तुमचे एसएमएस वाचायला लागतं, ओटीपी सकट, आणि तुमच्याच व्हॉट्सअ‍ॅपवरून तुमच्या सगळ्या लोकांना तीच पत्रिका पाठवतं. आम्हा लोकांना तर दिवसाला चार पत्रिका येतात, क्लायंट हॉलचा पत्ता आणि मुहूर्त कळावा म्हणून पाठवतातच, बोट आपोआप दाबलं जातं. मला आलेली ती ज्यांचं लग्न मीच शूट केलेलं त्या मुलुंडच्या क्लायंटच्या नंबरवरून, त्यांचाच डीपी, त्यांचंच नाव. नशिबाने माझ्या फोनमध्ये बाहेरून अ‍ॅप टाकायची परवानगी बंद असल्यामुळे फोनने आधी इशारा दिला आणि मग मी नाव नीट वाचलं.

त्यांना साधा फोन लावला, व्हॉट्सअ‍ॅप नाही. उचलल्या उचलल्या म्हणाले, दादा उघडू नका, सकाळपासून सगळ्यांना तेच सांगतोय, ऑफिसातल्या साहेबांना पण गेलंय, मेव्हण्याने उघडलं सुद्धा. मी म्हटलं आधी नेट बंद करा, बँकेत दुसऱ्या फोनवरून कळवून खात्याचे व्यवहार थांबवा, ते अ‍ॅप काढा आणि फोन रिसेट मारून घ्या, मेव्हण्यांना पण हेच सांगा. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाले, दादा, पण बारसं खरंच आहे हं, येत्या रविवारी, तुम्हाला फोन करणारच होतो. मी म्हटलं येतो, पण पत्रिका पाठवू नका, हॉलचं नाव आत्ता तोंडी सांगा.